शब्द, अंक आणि एका गुणाचे अंतर

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या कार्यक्रमाचे सगळे भांडवल म्हणजे नऊ अक्षरे, सहा अंक आणि एक शब्दकोश, तो साहित्याच्या अंगणातलाच म्हणावा लागेल. शिवाय ज्या घरांतून हे त्रैमासिक वाचले जाते त्या घरांत मुलांचे गुण, अर्ध्या गुणाने हुकलेली शिष्यवृत्ती आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांची चर्चा रोजचीच असते. अटीतटीची लढत म्हणजे काय, ती न्याय्य केव्हा ठरते आणि हरणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न म्हणूनच आपल्याही उंबरठ्याशी येऊन थांबतात.

आम्ही बोलत आहोत ते ब्रिटनमधील ‘काउंटडाउन’ या कार्यक्रमाविषयी. त्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. आर्मां झामो यांनी १९६५ साली तेथे सर्वांत लांब शब्द शोधण्याचा एक खेळ दूरचित्रवाणीवर आणला. १९७२ साली त्याला अंकांच्या फेरीची जोड मिळाली आणि ‘अंक आणि अक्षरे’ अशा अर्थाचे नाव घेऊन तो २०२४ सालापर्यंत चालला. मार्सेल स्टेलमन या बेल्जियन गृहस्थांनी हा खेळ इंग्लंडात नेला. लीड्स येथील यॉर्कशायर टेलिव्हिजनने त्याला इंग्रजी रूप दिले. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर दाखवलेला पहिला कार्यक्रम हाच होता. रिचर्ड व्हाइटली हे २००५ साली मृत्यू पावेपर्यंत त्याचे सूत्रधार होते. त्यांच्यानंतर सूत्रधार अनेकदा बदलले, पण खेळ बदलला नाही. अंकांच्या फळ्यापाशी २००८ पर्यंत कॅरल व्हॉर्डरमन उभ्या असत, २००९ पासून रेचल रायली उभ्या राहतात. शब्दकोशाच्या कोपऱ्यात १९९२ पासून कोशकार सुझी डेंट बसत आल्या आहेत.

खेळाची मांडणी

मांडणी अगदी साधी आहे. दोन स्पर्धक शेजारी शेजारी बसतात. एक जण स्वर किंवा व्यंजन मागत जातो आणि नऊ अक्षरे फळ्यावर लागतात. घड्याळाचा काटा फिरू लागतो. तीस सेकंदांत त्या अक्षरांतून जास्तीत जास्त लांबीचा शब्द शोधायचा. जितकी अक्षरे तितके गुण, मात्र नऊच्या नऊ अक्षरे वापरली तर दुप्पट, म्हणजे अठरा. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण. लांबी सारखी असेल तर दोघांनाही.

अंकांच्या फेरीत सहा अंक निघतात. मोठे अंक चारच : २५, ५०, ७५ आणि १००. बाकीचे एक ते दहामधले. मग यंत्र तीन आकडी संख्या दाखवते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या साहाय्याने, प्रत्येक अंक फार तर एकदाच वापरून, ती संख्या गाठायची. अचूक गाठली तर दहा गुण, पाचांच्या आत आली तर सात, दहांच्या आत आली तर पाच. शेवटी एक अक्षरकोडे. नऊ अक्षरांचा एक शब्द विस्कटून समोर येतो. जो आधी कळ दाबून तो बरोबर सांगेल त्याला दहा गुण. चूक झाली तर त्याला दुसरी संधी नाही.

बक्षीस काय? विजेत्याला चहाची किटली. संपूर्ण मालिका जिंकणाऱ्याला अनेक वर्षे वीस खंडांचा ऑक्सफर्ड शब्दकोश मिळत असे. आपल्याकडे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि २०१३ साली त्याची मराठी आवृत्तीही आली. तेव्हापासून प्रश्नाचे उत्तर आणि रुपयांचा आकडा यांची आपल्या मनात जी गाठ पडली आहे, तिच्यापुढे ही किटली फारच केविलवाणी दिसते. परंतु आमच्या मते या कार्यक्रमाचे पहिले यश तेथेच आहे. बक्षीस क्षुल्लक असल्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष बक्षिसाकडे न जाता शब्दाकडे राहते. स्पर्धकाचे दारिद्र्य किंवा त्याचे अश्रू दाखवून कार्यक्रमाला रंग भरावा लागत नाही. घरी बसलेला प्रेक्षक कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच तिसरा स्पर्धक होतो, कारण स्पर्धकाला जेवढे साहित्य मिळते नेमके तेवढेच त्यालाही मिळते.

अटीतटीचे शास्त्र

चुरशीच्या लढतीत नेमके काय घडते? समजा, दोघांचे गुण समसमान आहेत. ज्याने अक्षरे मागितली त्याने आपल्या शब्दाची लांबी आधी सांगायची असते. तो म्हणतो, ‘सात.’ दुसऱ्याच्या कागदावर सात अक्षरांचा एक खात्रीचा शब्द आहे आणि आठ अक्षरांचा एक संशयास्पद. त्याने ‘सात’ म्हटले तर दोघांनाही सात मिळतात आणि समतोल कायम राहतो. ‘आठ’ म्हटले आणि शब्द कोशात सापडला तर तो आठांनी पुढे जातो. सापडला नाही तर त्याला शून्य आणि प्रतिस्पर्ध्याला सात. एका शब्दावर पंधरा गुणांचा झोका! पुढे असलेला शहाणा स्पर्धक अशा वेळी सातावर समाधान मानतो. मागे पडलेल्याला मात्र आठाचे धाडस करावेच लागते. म्हणजे या खेळात धाडस हा केवळ स्वभावाचा गुण नाही, तो परिस्थितीचा हिशेबही आहे.

आणि येथेच प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. लांबी आधी सांगायची आणि शब्द नंतर, असा क्रम असल्यामुळे प्रत्येक घोषणा हे एक वचन ठरते. दोघांनी सारखीच लांबी सांगितली आणि एकाने आपला शब्द कागदावर लिहिलेला नसेल, तर त्याने तसे कबूल करून आपला शब्द आधी उच्चारायचा असतो. दोघांचा शब्द एकच निघाला तर आपला कागद शेजाऱ्याला दाखवायचा असतो. हे दृश्य आम्हांला नेहमीच हृद्य वाटत आले आहे. ज्याला हरवायचे आहे त्याच्याच समोर आपला कागद सरकवायचा, आणि त्याने मान डोलावली की झाले. पंच नाही, पुनर्तपासणी नाही.

आता शेवटचे कोडे. समजा, त्याआधी गुण ८४ आणि ७५ आहेत. अंतर नऊ, कोड्याचे गुण दहा. मागचा स्पर्धक क्षणार्धात ८५ वर जाऊ शकतो. अंतर दहा असते तर बरोबरी होऊन आणखी एक कोडे घालावे लागले असते. अकरा असते तर कोडे नुसते उपचारापुरते उरले असते. चौदा फेऱ्यांचे परिश्रम या एका संख्येवर येऊन टेकतात. पूर्वी फेऱ्या नऊच होत्या, २००१ साली त्या पंधरा झाल्या. फेऱ्या कमी असताना नशिबाचा वाटा मोठा होता आणि लढती अधिक वेळा अखेरपर्यंत अनिर्णित राहत. फेऱ्या वाढल्या तसा सरस खेळाडू सहसा आधीच निसटून पुढे जाऊ लागला. न्याय वाढला, पण उत्कंठा थोडी उणावली. या दोहोंमधली ही तडजोड प्रत्येक स्पर्धेला करावीच लागते.

एक हिशेब

या कार्यक्रमाच्या इतिहासात १९९७ साली घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अंक निघाले २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायची संख्या ९५२. एका तरुण स्पर्धकाने शांतपणे सांगितले : शंभरात सहा मिळवले, १०६ झाले. त्यांना तिनाने गुणले, ३१८ झाले. त्यांना ७५ ने गुणले, २३,८५० झाले. त्यातून ५० वजा केले, २३,८०० उरले. त्यांना २५ ने भागले, ९५२.

हे ऐकून सूत्रधार आणि गणिती दोघेही थक्क होऊन हसू लागले. बहुतेक पाहणारे त्या प्रचंड गुणाकाराला दाद देतात. आम्ही हा हिशेब कागदावर मांडून पाहिला, तेव्हा खरे सौंदर्य निराळ्याच ठिकाणी आढळले. १०६ ला नवाने गुणले की ९५४ येतात, त्यातून दोन काढले की काम झाले. नऊ मिळवता येतात : ७५ गुणिले ३, भागिले २५. दोनही मिळवता येतात : ५० भागिले २५. अडचण एवढीच की दोन्हींकडे २५ लागतात आणि ते एकदाच वापरायचे आहेत. त्या तरुणाने भागाकार शेवटावर टाकला, आणि एकच २५ दोन्ही कामांना आले. यात झगमगाट काही नाही. हाताशी एकच वस्तू असताना ती कोठे ठेवावी, याचा तो विवेक आहे. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीला तो सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ३१८ ला ७५ ने गुणणे आज अवघड वाटते. परंतु ज्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली तिला ते तसे वाटले नसते. पंच्याहत्तर म्हणजे पाऊणशे. ३१८ ची पाऊणकी साडे दोनशे अडतीस, आणि ती शंभरपट केली की २३,८५०. तसेच २५ ने भागणे म्हणजे शंभराने भागून चौपट करणे : २३८ चोक ९५२. आमच्या घरी हा हिशेब चालला होता तेव्हा कोपऱ्यात माळ घेऊन बसलेल्या आजीने पाऊणकी तोंडी सांगितली आणि नातवंडे तिच्याकडे पाहतच राहिली. ज्या घोकंपट्टीची आपण टिंगल केली तिच्यात गणिताचे एक चपळ अंग दडलेले होते, हे कबूल केले पाहिजे.

दोन आक्षेप

गुणगान पुरे झाले. समीक्षकाने दोषही दाखवले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, या खेळात शब्दाचे मोल त्याच्या लांबीवर ठरते, अर्थावर नव्हे. मुरलेले खेळाडू शब्दांच्या याद्या पाठ करतात. पुष्कळदा त्यांना त्या शब्दांचे अर्थही ठाऊक नसतात. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हे खटकल्यावाचून राहत नाही. शब्द म्हणजे काही मापाने विकायचे कापड नव्हे. कार्यक्रमाच्या कर्त्यांनाही हे जाणवले असावे, कारण कोशकाराचा कोपरा हा त्यावरचा उतारा आहे. सुझी डेंट एखाद्या शब्दाचे कूळ उलगडून सांगतात, तेव्हा मघाशी केवळ आठ गुणांचा असलेला शब्द पुन्हा माणसांच्या तोंडचा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राथमिक फेऱ्यांत जो जिंकतो तो पुढच्या भागात परत येतो. सलग आठ विजय मिळाले की तो सन्मानाने थांबतो आणि मालिकेच्या अखेरीस गुणवान आठ जणांची अंतिम स्पर्धा होते. हरणारा मात्र सहसा तेथेच संपतो. आता विचार करा. एखादा स्पर्धक ८४ गुण मिळवून एका गुणाने हरतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी कोणी ६० गुणांवर जिंकतो आणि पुढे चालू राहतो. पहिला दुसऱ्याहून सरस नव्हता असे कोण म्हणेल? पण त्याच्या वाट्याला त्या दिवशी अधिक कठीण शेजारी आला. अटीतटीची लढत पाहणाऱ्याला आनंद देते, हरणाऱ्याला मात्र ती काहीच देत नाही. कार्यक्रम त्याचे आभार मानतो, टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा बसतो. या व्यवस्थेला आम्ही निर्दय म्हणणार नाही, पण ती पूर्ण न्याय्य आहे असेही म्हणणार नाही.

आपल्या लिपीत

हा खेळ मराठीत का नसावा, असे आम्हांला फार दिवस वाटत होते. अडचण लिपीची आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, आपली अक्षरे संसारी असतात. काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला बिलगून राहतात. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची अक्षरे मोजाल तर तीन, आणि वर्ण सोडवाल तर दहा. मग गुण किती द्यायचे? काना सुटा मानला तर ‘नवरा’ आणि ‘वानर’ या दोन शब्दांची सामग्री एकच ठरते. विनोदाचा भाग सोडला तरी मुद्दा खरा आहे. मराठी खेळाला मराठी व्याकरणातूनच नियम काढावे लागतील, इंग्रजी नियमांचे भाषांतर करून चालणार नाही.

एका नाताळच्या सुटीत आमच्या पॅरिशच्या सभागृहात आम्ही हा प्रयोग करून पाहिला. पुठ्ठ्याचे चौकोन कापून व्यंजने व स्वरचिन्हे लिहिली आणि प्रत्येक चौकोनाला एक गुण ठेवला. परीक्षक आम्हीच होतो आणि पुढ्यात विद्यार्थ्यांसाठी असलेला एक शब्दकोश. अंतिम फेरी एक निवृत्त गुरुजी आणि दहावीत शिकणारी एक मुलगी यांच्यात झाली. शेवटच्या डावाआधी गुरुजींचे ३३ गुण होते, मुलीचे ३१. गुरुजी म्हणाले, ‘चार.’ मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, ‘पाच.’ तिचा शब्द होता ‘बावखल’.

सभागृहात हशा आणि टाळ्या एकदमच उठल्या. वसईच्या वाडीत वाढलेल्या कोणाला बावखल सांगावे लागते? पावसाचे पाणी साठवणारी, बागायतीला ओलावा देणारी ती तळी आपल्या गावांची ओळख होती. त्यांपैकी किती बुजली, हा निराळा विषय. आम्ही शब्दकोश उघडला. त्यात तो शब्द नव्हता. दोनदा पाहिले. नियम स्पर्धेआधी वाचून दाखवलेला होता : कोशात नसेल तो शब्द बाद. शब्द ग्राह्य धरला असता तर मुलगी ३६ विरुद्ध ३३ अशी जिंकली असती. बाद धरल्यामुळे ती ३७ विरुद्ध ३१ अशी हरली. निर्णय आम्ही दिला.

गुरुजी उठले आणि म्हणाले, “शब्द चांगला आहे, बाय. मी त्यातच पोहायला शिकलो.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “पण नियम मोडू नका. आज माझ्यासाठी मोडलात, तर उद्या कोणासाठीही मोडाल.” मुलीने आपला कागद त्यांना दाखवला. शब्द आणि त्याचे स्पेलिंग, दोन्ही स्वच्छ लिहिलेले होते. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने बक्षीस घेणाऱ्या गुरुजींना टाळ्या वाजवल्या.

आमचा निर्णय नियमाला धरून होता, हे आम्ही आजही म्हणतो. तरीही तो आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. इंग्रजी कार्यक्रमात कोशाचा शब्द अखेरचा असतो, आणि स्पर्धेला असा एक अखेरचा अधिकार लागतोच. अन्यथा प्रत्येक डाव म्हणजे भांडण होईल. परंतु कोश आपोआप तयार होत नाही. कोणीतरी बसून तो लिहितो आणि त्याच्या कानावर जे शब्द पडतात तेच त्यात येतात. तेथील कोशकार नव्या व प्रांतिक शब्दांची नोंद सतत घेत राहतात, म्हणून तेथील निकाल भाषेच्या फार मागे राहत नाही. आमच्या बोलीतले शब्द कोणी टिपायचे? त्या दिवशी हरली ती मुलगी नव्हे. हरलो ते आम्ही, ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडचे शब्द वेळीच वहीत उतरवून ठेवले नाहीत.

चुरशीच्या लढतीतून शिकायचे ते एवढेच असावे. नियम पाळावा, निकाल मानावा, कागद दाखवावा. आणि निकाल न्याय्य असूनही काही उणे राहिले असे वाटले, तर दोष खेळाडूला न देता पुढच्या खेपेसाठी नियमाची पाटी आणि कोशाचे पान दुरुस्त करावे. आमच्या त्या शब्दकोशाच्या शेवटी दोन कोरी पाने आहेत. त्यांतल्या पहिल्या पानावर आम्ही शाईने ‘बावखल’ लिहिले आहे आणि खाली अर्थही दिला आहे. पुढच्या नाताळपर्यंत ती दोन्ही पाने भरावीत म्हणून पॅरिशमधील प्रत्येक घराने आपल्याकडचा एक शब्द, अर्थासह, लिहून पाठवावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.